पाण्यातला कान आणि आसगावचा बांबू

गळ टाकून तळ्याकाठी बसणाऱ्या माणसाविषयी आपल्या मध्यमवर्गीय घरांत फारसे चांगले मत नसते. रविवारी सकाळी बाजारातून पापलेट आणणारा गृहस्थ व्यवहारी. आणि तोच गृहस्थ काठी, दोरा, गांडुळांची डबी घेऊन दिवसभर उन्हात बसला आणि संध्याकाळी हात हलवीत परतला, की तो रिकामटेकडा! तरीही हा नाद आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या पवई तलावावर गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची संघटना १९३६ पासून आहे. या मंडळींना विचारा. ती सांगतील की या छंदात मासा हे निमित्त, खरी मौज आहे ती न दिसणाऱ्या पाण्याखाली काय चालले असेल याचा अंदाज बांधण्यात.

परंतु पाण्याखालचे ‘न दिसणे’च आता संपत आले आहे. अमेरिकेत मासे धरण्याच्या स्पर्धांत माणसे नावेत बसून पाण्याकडे पाहतच नाहीत. ती पाहतात समोरच्या पडद्याकडे. पडद्यावर मासा दिसतो, त्याच्या दिशेने सरकणारा आपला गळ दिसतो आणि मासा वळला की नाही तेही दिसते! ही हकिकत मला सांगितली माझ्या पुतण्याने. तो अलाबामा राज्यात हंट्सव्हिल येथे नोकरीला असतो. जवळच टेनेसी नदीवर गंटर्सव्हिल नावाचा मोठा जलाशय आहे आणि ‘बास’ नावाच्या माशासाठी तो त्या देशभर प्रसिद्ध आहे. गेल्या भाद्रपदात पुतण्या सुटीवर आला, तेव्हा आम्ही दोघे भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आसगावला चार दिवस राहिलो. त्याच्या पिशवीत लिंबाएवढा एक चेंडू होता. त्या चेंडूने तिथे काय दाखवले आणि काय दाखवले नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण आधी त्या अमेरिकन शास्त्राची थोडी ओळख करून घेऊ.

एका दोऱ्याला पाच मासे

बास हा दबा धरून बसणारा मासा. बुडालेल्या झाडाच्या आड, पाणगवताच्या कडेला तो निश्चल थांबतो आणि बारक्या माशांचा थवा समोर आला की झेप घेतो. माणसाने हे ओळखले आणि विचार केला, की एक खोटा मासा दाखवण्यापेक्षा अख्खा थवाच दाखवला तर? त्यातून जे साधन निघाले त्याला ‘अलाबामा रिग’ म्हणतात. मोडक्या छत्रीच्या काड्या डोळ्यांपुढे आणा. पुढे एक शिशाचे डोके, त्यातून निघालेल्या पाच तारा आणि प्रत्येक तारेच्या टोकाला रबराचा एक मासा. पाण्यातून ओढले की पाच मासे जोडीने पोहत चालल्याचा भास होतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये पॉल इलायस नावाच्या स्पर्धकाने याच गंटर्सव्हिलच्या पाण्यात हे हत्यार वापरले आणि चार दिवसांत वीस बास मिळून शंभर पौंडांवर वजन भरवले. दिवसाला पाचच मासे मोजायचे, असा तिथला नियम आहे. म्हणजे हे यश संख्येचे नव्हते, मोठमोठे मासे भुलले त्याचे होते. देशभर दुकानांतून ही छत्री नाहीशी झाली, इतकी तिला मागणी आली! आणि लगेच वादही सुरू झाला. हा खेळ की कत्तल? ‘बॅस’ या तिथल्या मोठ्या संस्थेने २०१२ साली आपल्या सर्वोच्च स्पर्धांतून तिला बाहेर काढले. टेनेसी राज्यात पाच तारांपैकी तिनांनाच गळ लावता येतो. उरलेले मासे नुसते शोभेचे.

एका दोऱ्याला अनेक गळ ही कल्पना आपल्या कोळ्यांना सांगायला नको. लांब दोरीला हारीने शेकडो गळ बांधून ती समुद्रात सोडायची चाल किनाऱ्यावर जुनीच आहे. फरक एवढाच, की आपला कोळी पोटासाठी मासा धरतो आणि तो स्पर्धक मासा तोलून बहुधा पुन्हा पाण्यात सोडतो. त्यामुळे ‘न्याय’ या शब्दाचा अर्थही दोन ठिकाणी दोन प्रकारचा होतो.

डोळा नव्हे, कान

आता त्या पडद्याविषयी. मासा ‘दिसतो’ असे आपण म्हणतो खरे, पण यंत्राला डोळा नसतो. त्याला असतो कान. माथेरानच्या एको पॉइंटवर जाऊन आपण ‘ओ’ दिली, की समोरचा डोंगर ती परत करतो. आवाज जायला आणि यायला किती वेळ लागला हे मोजले, तर डोंगर किती लांब ते काढता येते. पाण्यातही तसेच. मात्र पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर पळतो. पंधरा मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा पन्नासावा भागच लागतो. एवढा बारीक काळ मोजायचा आणि आपल्या कानांना ऐकू न येणारा सूक्ष्म आवाज काढायचा, हे काम एक स्फटिक करतो. दाब दिला की वीज उत्पन्न करणारे स्फटिक क्युरी बंधूंनी १८८० साली जगापुढे आणले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी असेच स्फटिक पाणबुड्या शोधण्यासाठी पाण्यात उतरवले. जपानमधल्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मच्छीमारांच्या उपयोगाचे यंत्र बाजारात आणले. हौशी माणसाच्या छोट्या नावेत मावेल अशी पेटी अमेरिकेतल्या लोरन्स पितापुत्रांनी १९५७ साली तयार केली. आणि २०१८ पासून तर नावेच्या पुढचे पाणी चलच्चित्रासारखे दाखवणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांच्यावरूनही स्पर्धांत भांडण आहेच. एका मोठ्या स्पर्धामालिकेने २०२५ पासून दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात असे यंत्र वापरायची मुभा ठेवली.

पण माशाचे अंग तर बव्हंशी पाण्याचेच. मग आवाज आपटतो कशावर? येथे एक मौज आहे. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्या जोरावर मासा हवा त्या खोलीवर तरंगत राहतो. किनाऱ्यावरचे कोळी तिला ‘बोत’ म्हणतात. घोळ माशाचे बोत परदेशात सोन्याच्या मोलाने विकले जाते. २०२१ साली पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका नावेला दीडशेवर घोळी सापडल्या आणि त्यांचे सव्वा कोटीहून अधिक रुपये झाले, हे पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. पाण्यातून जाणारा आवाज या हवेच्या पिशवीवर आदळून जोराने परत फिरतो. म्हणजे यंत्राला मासा दिसत नाही. माशाच्या पोटातली हवा ऐकू येते!

पडद्यावर मासा कमानीसारखा का उमटतो, याचेही उत्तर सोपे आहे. नाव जवळ येताना मासा तिरप्या अंतरावर, म्हणून लांब. नाव डोक्यावर आली की सर्वांत जवळ. पुढे गेली की पुन्हा लांब. लांब, जवळ, लांब असे ठिपके जोडले की कमान होते.

आसगावचे पाणी

आसगाव हे पवनी तालुक्याच्या चौरास भागातले, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. हा सगळा मुलूख वैनगंगेचा आणि तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजवटीत आणि पुढेही कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. आपले स्थापत्यशास्त्र कागदावर न लिहिता त्यांनी उताराचा, मातीचा आणि पावसाचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या आणि त्या शेकडो वर्षे टिकल्या. मालगुजारी संपल्यावर, १९५१ नंतर, हे तलाव सरकारकडे गेले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ हे नाव मिळाले. लोकांनी त्याची आद्याक्षरे घेऊन ‘मामा तलाव’ केले. मामा म्हटल्यावर लाड आलेच. पण या मामांचे लाड मात्र कोणी फारसे केले नाहीत. पूर्वी मालगुजार गावाकडून गाळ काढून घेई. पुढे धनी सरकार झाले आणि गाळ तेथेच राहिला.

या पाण्यावर धीवर समाजाचे पोट आहे. आमच्या यजमानांच्या ओळखीचे सत्तरी ओलांडलेले एक धीवर बाबाजी आम्हांला जवळच्या एका तलावावर घेऊन गेले. पुतण्याने चेंडू दोऱ्याला बांधला आणि डोंग्यातून पाण्यात सोडला. तो चेंडू पाण्यात आवाज सोडतो, परतलेला ऐकतो आणि जे कळले ते हातातल्या फोनवर पाठवतो. पडद्यावर तळाची रेघ उमटली. तीवर दोन-चार कमानी उमटल्या.

बाबाजींनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ निरखून पाहिला. मग विचारले, “बाबू, हे यंतर मासोरी दाखवते, पन कोनती ते सांगते का?”

“नाही आजोबा,” पुतण्या म्हणाला. “लहान की मोठा एवढा अंदाज येतो. रोहू की कटला, ते नाही सांगत.”

“अन्‌ पिलवारवाली आहे का, ते?”

पुतण्याला प्रश्न कळला नाही. मलाही नाही. बाबाजींनी वल्हे थांबवून कमळाच्या पानांकडे बोट दाखवले. तिथे पाण्याच्या पृष्ठभागावर मूठभर जागेत बारीक तांबूस काहीतरी वळवळत होते. ती मरळीची पिल्ले. मरळ अंडी घालते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत आईबाप त्यांच्या खाली पहारा करतात.

“त्याईच्या खाली माय असते जी. तिथं गरी टाकली का ते धावूनच येते. भुकेनं नाही, रागानं. तिले धरनं लय सोपं. पन मंग वरचं पिलवार दुसऱ्या मासोऱ्या खाऊन टाकतेत. म्हनून आमी तिले हात लावत नाही.”

पुतण्या थक्क झाला. बासचेही अगदी असेच असते, तो म्हणाला. वसंतात नर घरट्यावर पहारा देतो आणि जवळ आलेल्या कशावरही धावून जातो. त्या काळात त्याला धरावे की नाही, यावर त्याच्या गावी अजून वाद चालू आहे. पृथ्वीच्या दोन टोकांच्या पाण्यांत दोन वेगळे मासे एकाच तऱ्हेने बाप होतात, आणि दोन्हीकडच्या माणसांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: सोपे आहे म्हणून धरावे काय?

यंत्र हे सांगत नाही, आणखीही पुष्कळ सांगत नाही. जिच्या पालनावर देशात बंदी आहे ती थायी मांगूर खाली फिरते आहे की आपली गावठी मासोळी, हे कमानीवरून समजत नाही. पाणगवत दाट असेल तर पडद्यावर सगळाच धुरळा होतो. पाण्याचा वास तर त्याला येतच नाही. याच तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. अकरा किलोमीटरांहून लांब भिंत आणि तेहतीस दरवाजे. नदीचे डोह, धारा आणि खडक पाठ असलेल्या धीवरांपुढे एकाएकी मैलोगणती संथ पाणी पसरले. अशा अनोळखी खोलीवर हे यंत्र उपयोगी पडेल, यात शंका नाही. परंतु नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. त्या पाण्याचे माशांवर काय होते, हे सांगायला दुसरेच कान लागतात.

बांबूची साक्ष

एवढे वाचून वाचक म्हणतील, की अखेर यंत्र हरले आणि म्हातारा जिंकला. अशा गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

डोंगा तलावाच्या मध्याशी आला. पडद्यावर आकडा होता साडेचार फूट. बाबाजी हसले नाहीत. “माह्या लहानपनी इथं दोन पुरुस पानी होतं,” ते म्हणाले आणि त्यांनी हातातला बांबू सरळ खाली सोडला. साडेचार फुटांवर तो थांबला नाही. नरम चिखलातून सरकत तो आणखी जवळजवळ तेवढाच आत गेला आणि मग कुठे ‘टण्‌’ असा आवाज होऊन मुरमाला टेकला.

पुतण्या अभियंता आहे. त्याचे डोळे चमकले. यंत्राचा आवाज चिखलाच्या वरच्या थरावरून परत फिरतो, म्हणून ते पाणी अचूक मोजते. बांबू चिखल भेदून तलावाच्या मूळ तळाला लागतो. दोन आकड्यांची वजाबाकी केली, की उरतो तो गाळ! मग त्या दुपारी आम्ही मासे विसरलो. वीस ठिकाणी चेंडू टाकला, वीस ठिकाणी बांबू टाकला आणि तलावाचा एक ओबडधोबड नकाशा तयार झाला. मध्यभागी जवळजवळ निम्मा तलाव मातीने भरलेला होता.

“हे तर माह्या बांबूलेबी ठावं आहे,” काठावर आल्यावर बाबाजी म्हणाले. “पन बांबूचं कोनी कागदावर लिहून घेत नाही.”

मला वाटते, या सगळ्या विषयाचे मर्म त्या वाक्यात आहे. पाणी उथळ झाले की ते उन्हाळ्यात लवकर तापते आणि लवकर आटते. मरळीसारखा चिवट मासा तग धरतो, बाकीचे धरत नाहीत. मासा कमी झाला, की धीवराच्या घरातले तरुण नागपूरला मजुरीला जातात. हे सारे बाबाजींना ठाऊक आहे. पण ठाऊक असणे आणि कचेरीत ग्राह्य होणे यांत मोठे अंतर आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य सरकारची योजना २०१७ साली सुरू झाली. तलावातला गाळ शेतकऱ्याने आपल्या बांधीत न्यावा, म्हणजे तलावही खोल आणि शेतही सुपीक, अशी ती सुरेख कल्पना. पण कुठल्या तलावात किती गाळ आहे हे सांगायला आकडा लागतो. तो आकडा त्या दिवशी एका चेंडूने आणि एका बांबूने मिळून दिला. नकाशाची एक प्रत आम्ही मच्छीमार संस्थेच्या सचिवांकडे ठेवली.

बोलीतले ज्ञान कागदावर आणण्याचे मोल याच भूमीने पूर्वीही पाहिले आहे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी नवेगाव बांधच्या परिसरात वर्षानुवर्षे राहून तलावाकाठच्या माणसांना विचारून विचारून पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे टिपली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी धीवरांच्या संस्थांना बरोबर घेऊन काही तलावांतली बेशरमाची झाडे उपटली आणि तिथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पाणगवत आले, की अंड्यांना आसरा मिळतो. आसरा मिळाला, की गावठी मासे परततात. यात दिपवणारे काहीच नाही; कंबरभर पाण्यात उभे राहून रोपे खोचण्याचे काम आहे.

वर मी १९५७ सालाचा उल्लेख केला. त्याच वर्षी, जुलै महिन्यात, ओरिसात आणखी एक गोष्ट घडली. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. तोपर्यंत रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज नदीच्या पुरातूनच गोळा करावे लागे. त्या प्रयोगामुळे ते हवे तेव्हा, हवे तेवढे मिळू लागले. आज आसगावच्या आठवडी बाजारात जो रोहू मिळतो, त्याच्यामागे ती सुई आहे. एकाच वर्षी एका देशात मासा शोधण्याची पेटी निघाली आणि दुसऱ्या देशात मासा निपजवण्याची युक्ती सापडली. पहिलीची मौज मोठी, यात वाद नाही. पुतण्या अजून तिच्याविषयी तासन्‌तास बोलतो आणि मीही ऐकतो. पण जिथे मासा हा ताटातला घास आहे, तिथे दुसरीची बरोबरी पहिलीला करता येत नाही.

अर्थात ती पेटी टाकाऊ ठरत नाही. तिचे काम बदलते, एवढेच. गंटर्सव्हिलच्या पाण्यात ती विचारते, ‘मासा कुठे आहे?’ आसगावच्या पाण्यात तिने विचारायला हवे, ‘माशाला राहायला जागा किती उरली आहे?’ साडेसहा हजार मामा तलावांवर हा प्रश्न विचारायला एक हलका चेंडू, एक लांब बांबू आणि तो बांबू कुठे टेकवावा हे ठाऊक असलेली माणसे एवढेच भांडवल पुरेल. पहिली वस्तू विकत मिळते, दुसरी बेटात उगवते. तिसरी मात्र सत्तरी ओलांडून बसली आहे आणि तिचा मुलगा नागपूरला कामाला गेला आहे.